हाताची पारख

तात्यांनी उजूचा हात हातात घेतला, अंगठा तळव्याकडे दुमडला, बांगडी सांध्यापर्यंत नेली आणि तिथंच थांबले.

माजघरातल्या बायका बोलायच्या थांबल्या. बांगडी सांध्यावर अडली म्हणून तात्या थांबणं शक्यच नव्हतं. माझे सासरे माधवराव हेंद्रे म्हणजे कऱ्हाडातले नावाजलेले कासार. गावातल्या निम्म्या मनगटांवर त्यांनी बांगड्या चढवलेल्या. शिवाय उजूचा हात तर त्या वर्षी इतका बारीक झाला होता, की बांगडी आपल्या पायांनी चालत गेली असती.

संक्रांत जवळ आली की सासुरवाडीत एक दुपार घरच्या बायकांची असे. दुकान नोकरावर सोपवून तात्या चटईवर बसायचे आणि एकेक हात पुढे यायचा. आधी सासूबाई, मग माझी बायको सुलभा, शेवटी धाकटी मेहुणी उज्ज्वला, म्हणजे उजू. तात्यांची बहीण द्वारकाआत्या उंब्रजला विधवा झाल्यापासून भावाकडेच राहत होत्या. त्या हात पुढे करत नसत, पण रंग निवडून द्यायचा मान त्यांचा. आणि मी? जावई असल्यामुळे मला चहा मिळे आणि कोपऱ्यात बसून बघायला मिळे. बघणं हा माझा धंदाच. मी पतसंस्थेत वसुली अधिकारी होतो. ‘उद्या देतो’ म्हणताना माणूस कुठं बघतो, यावरून तो उद्या कुठल्या महिन्यात उगवणार, हे मला सांगता यायचं.

तात्यांची पारख माझ्याहून मोठी, असं निदान तात्या समजत. त्यांचं शास्त्र थोडक्यात होतं: गार हात संसाराचा, गरम हात भांडणाचा, आणि हात गरम असून थरथरायला लागला तर समजावं, हात इथं आहे पण मन दुसऱ्याच्या दारात.

सुलभाचा हात धरून ते नुकतेच म्हणाले होते, “बघा जावईबापू, कसा थंडगार! लक्ष्मीचा हात. असल्या हाताचा संसार बुडत नाही.”

संसार बुडत नव्हता हे खरं, पण पुढंही सरकत नव्हता. सुलभा लग्नाआधी जिने दोन-दोन पायऱ्या चढणारी मुलगी. आता मेथीची एक जुडी निवडायला बसली की दिवेलागण व्हायची. पौषातच काय, वैशाखातही पांघरूण घ्यायची. केस गळत होते, अंग सुजल्यासारखं झालं होतं. माहेरी विचारलं की सासूबाई अभिमानाने सांगत, “आमच्या घराण्यातल्या बायका दोनच प्रकारच्या. एक समईसारख्या, एक फुलबाजीसारख्या. तुम्हाला समई मिळाली, नशीब समजा.”

फुलबाजी आता तात्यांच्या समोर बसली होती. कपाळावर घाम, डोळे मोठे आणि चकाकणारे, आणि हात असा थरथरत होता की मनगटातल्या चढलेल्या बांगड्या आपोआप किणकिणत होत्या. तात्यांनी जोर लावला. बांगडी वाढली. काच चटईवर सांडली.

“उजे,” तात्या हळूच म्हणाले, “हात एवढा गरम का गं?”

“उकडतंय, तात्या.”

बाहेर माणसं शेकोटीभोवती बसली होती.

द्वारकाआत्यांनी हातातल्या हिरव्या बांगड्या खाली ठेवल्या, भावाकडे एकदा बघितलं आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. ती नजर मी टिपून ठेवली. जुनी बाकी दिसली की मला झोप येत नाही.

संध्याकाळी तात्यांनी मला दुकानात बोलावलं.

“जावईबापू, कोण आहे?”

“कोण कोण?”

“आता वेड पांघरू नका. पोरीला कुणीतरी आहे. रात्रभर टक्क जागी असते. चार माणसांचं जेवते आणि अंगाला लागत नाही. बोलता बोलता रडते. हात तर तुम्ही बघितलाच.”

“अहो, परीक्षेची काळजी असेल. बी.एड. आहे—”

“परीक्षेनं हात गार पडतो,” तात्या ठामपणे म्हणाले. “हे मी आयुष्यात एकदाच बघितलंय. द्वारकेच्या वेळी.”

आणि त्यांनी सांगितलं. द्वारका तेव्हा कॉलेजच्या वयाची. असेच डोळे, अशीच जागरणं, असाच गरम थरथरता हात. घरी तिला पेटी शिकवायला अच्युत रेळेकर नावाचा तरुण मास्तर यायचा. दुसरा कुठला पुरुष घरात येतच नव्हता, तेव्हा हिशेब लगेच लागला. तात्यांनी मास्तरची पेटी माडीवरून रस्त्यात टाकली आणि महिन्याच्या आत द्वारकेचं उंब्रजच्या एका बिजवराशी लग्न लावलं.

“आणि आत्या काय म्हणाल्या?”

“म्हणायचं काय? ‘कोणी नाही, कोणी नाही’ एवढंच. सगळ्याच म्हणतात.” तात्यांनी घसा साफ केला. “बार्शीचं स्थळ रविवारी येतंय. घर मोठं आहे, पण लग्नानंतर शिकणं-शिकवणं त्यांना नको. उजूला ते नको म्हणून मी थांबलो होतो. आता थांबत नाही. माघातला पहिला मुहूर्त धरतो. तोपर्यंत त्या पोराचं नाव काढा. बुडालेलं कर्ज शोधून काढता तुम्ही, एक नाव निघणार नाही?”

उजू स्वयंपाकघरात सापडली. तिसरी भाकरी चालू होती. मी पाट ओढला आणि सरळ विचारलं. वसुलीत आडवळण घेतलं की ऋणको मागच्या दारानं जातो.

“उजू, कोण आहे?”

तिने घास तसाच ठेवला. “भाऊजी, तुम्हीसुद्धा?”

“नाव सांग. मी तुझ्या बाजूने बोलेन.”

“अहो, मला कोणी आवडायला फुरसत तरी आहे का? वर्गात पाठ घेते तर खडू थरथरतो, फळ्यावरचं ‘क’ बघून पोरं हसतात. जिना चढले की छातीत कुणी उखळात कांडतंय असं वाटतं. मला भीती वाटते, भाऊजी. मला वेड लागतंय का हो?” आणि डोळे पुसून म्हणाली, “ती भाकरी द्या इकडे.”

खोटं बोलणारा माणूस पकडला गेला की पाणी मागतो. हिने भाकरी मागितली. मी मनातल्या मनात तात्यांच्या शास्त्रावर शंकेची पहिली खूण केली.

“उद्या सुलभाला मिरजेला डॉक्टरकडे नेतोय,” मी म्हटलं. “तिचं ते समईपण मला आता परवडत नाही. तूही चल.”

तात्यांना मी सांगितलं, घराबाहेर नेली की बोलेल. ते खूश झाले. बसचं भाडंसुद्धा देऊ लागले, यावरून किती ते समजा.

डॉक्टर नाडगौडा अंगानं आडवे आणि आवाजानं बारीक. त्यांनी सुलभाच्या गळ्यावर बोटं ठेवली, तिच्या हाती पाण्याचा पेला दिला आणि म्हणाले, “गिळा. पुन्हा गिळा.” मग मान वर करून त्यांनी तिच्या मागे बघितलं.

“खिडकीशी त्या कोण?”

“माझी मेहुणी.”

“खिडकी का उघडली त्यांनी?”

“उकडतं तिला.”

मी स्वेटर घातला होता आणि डॉक्टरांच्या गळ्यात मफलर होता. “इकडे या हो बाई,” ते म्हणाले. “हात समोर करा. बोटं पसरा.” त्यांनी तिच्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद वाऱ्यावर असल्यासारखा फडफडू लागला. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि अगदी तात्यांसारखेच थांबले.

सुलभा हसली. “डॉक्टर, आमचे वडीलही एवढंच करतात.”

“मग काय निदान केलं त्यांनी?”

“प्रेम.”

डॉक्टरांचा मफलर हलला. ते हसत होते. “वडिलांना सांगा, लक्षण बरोबर ओळखलंत, रोगाचं नाव चुकलं.”

रक्त घेतलं. अहवाल शनिवारी मिळणार होता आणि बार्शीकर रविवारी. त्या आठवड्यात घरात लाडू वळले जात होते, पडदे धुतले जात होते आणि तात्या रोज मला खुणेनं विचारत होते, “निघालं का?” मी खुणेनं सांगत होतो, “निघतंय.” शनिवारी दुपारी मी एकटाच मिरजेला गेलो.

“दोघींनाही थायरॉईड,” डॉक्टर म्हणाले. “थोरलीचं कमी पडलंय, धाकटीचं उतू जातंय. दोघींनाही गोळ्या. धाकटीला अजून दीड-दोन वर्षं सांभाळायला लागेल, पण हात महिना-दीड महिन्यात थांबेल.”

“डॉक्टर, एकच रोग एकीला बसवतो आणि दुसरीला पळवतो, हा कुठला हिशेब?”

“हिशेब एकच. अंगातले पहारेकरी असतात ना, ते घरच्याच माणसाला चोर समजायला लागतात. गळ्यात एक ग्रंथी असते. थोरलीच्या पहारेकऱ्यांनी त्या ग्रंथीला झोडपून निजवलंय, धाकटीच्यांनी तिच्यामागे चाबूक लावलाय.”

“म्हणजे आईबापांकडून आलं?”

“रोग येत नाही. कल येतो. उतारावर लावलेली गाडी समजा. उतार घराण्याचा. पण नुसत्या उतारानं गाडी सुटत नाही, कशाचा तरी धक्का लागतो. आजारपण, बाळंतपण, मनावरचा ताण. पुष्कळदा धक्का कशाचा ते कळतही नाही. आणि पुष्कळांची गाडी उतारावरच जन्मभर उभी राहते.” मग सहज विचारलं, “घरात आणखी कोणी? मावशी, आत्या?”

मी उभा राहायला निघालो होतो, तो पुन्हा बसलो.

आत्यांची सगळी हकिकत ऐकून ते म्हणाले, “इतक्या वर्षांनी छातीठोक कसं सांगणार? पण लक्षणं तीच. अशी आग पुढं कधीकधी आपोआप विझते आणि मग बाई थंड पडतात. आता कशा आहेत?”

“थंड,” मी म्हटलं. “उन्हाळ्यात शाल घेतात.”

“घेऊन या एकदा.”

घरी पोचलो तेव्हा तात्या माजघरात बसले होते. सासूबाई बार्शीकरांसाठी कपबशा मोजत होत्या, आत्या बांगड्यांचे रंग लावत होत्या. मी अहवाल पुढं ठेवला आणि डॉक्टर जे बोलले ते सगळं सांगितलं.

“म्हणजे नाव निघालंच नाही,” तात्या म्हणाले.

“निघालं की. थायरॉईड.”

“कागदावर काय, काहीही छापतात. मी हात धरलाय तिचा! माझी पारख आजवर—”

“दादा,” द्वारकाआत्या म्हणाल्या, “माझा हात धर.”

आत्यांचे यजमान गेल्यापासून तात्यांनी बहिणीचा हात धरला नव्हता. धरायचं निमित्तच नव्हतं. कासाराला रिकाम्या मनगटाशी काम काय? आता आत्यांनी तो आपणहून पुढे केला होता. तात्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि सवयीने त्यांची बोटं अंगठ्याच्या सांध्याशी गेली.

“गार आहे,” ते म्हणाले. “बर्फ आहे नुसता.”

“मग मी आता संसारी झाले का? संसार तर आटोपला.” आत्यांचे ते मोठे डोळे भावावर रोखलेले होते. “तेव्हा गरम होता. बाई तीच आहे, दादा. मनात तेव्हाही कोणी नव्हतं. ओरडून सांगितलं मी. तू म्हणालास, हात खोटं बोलत नाही.”

“अगं, पण तो मास्तर—”

“मास्तर सारेगमच्या पुढं गेला नाही कधी! ज्याच्याकडून एक भूप धड शिकता आला नाही, त्याच्यावर मी जीव टाकीन?”

सुलभाला हसू आवरेना. ती कमी हसायची त्या काळात, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तात्या मात्र बहिणीचा हात तसाच धरून बसले होते.

“माणूस चांगला निघाला तो,” शेवटी ते पुटपुटले. “उंब्रजचा.”

“निघाला. ते माझं दैव. तुझी पारख त्यात जमा धरू नकोस.”

माझ्या खात्यात मी इतकी स्वच्छ नोंद कधी बघितली नव्हती.

तात्या उठले, टेलिफोनशी गेले आणि बार्शीला फोन लावला. पलीकडच्या माणसाला ऐकू कमी येत असावं किंवा तात्यांनाच सगळ्या घराला ऐकवायचं असावं. “उद्या येऊ नका. हो, मुलीला बरं नाही. लपवायचं काय त्यात? थायरॉईड! औषध चालू केलंय. आणि बरी झाली की ती परीक्षा देणार आहे. काय? ...हॅलो?” त्यांनी रिसीव्हरकडे बघितलं. “ठेवला.”

“बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या आणि कपबशा पुन्हा फडताळात लावू लागल्या. उजू दाराआड उभी होती. ती तिथूनच स्वयंपाकघरात पळाली. भाकरीसाठी नव्हे; पहिल्यांदाच.

सगळं मिटलं असं मला वाटलं. पण संक्रांतीच्या सकाळी तात्या नवा कोट घालून, हातात तिळगुळाचा डबा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“जावईबापू, जरा चला.”

“कुठं?”

“चावडीकडं. घड्याळवाल्याकडं.”

अच्युत मास्तरांनी पेटी गेल्यावर संगीताचा नाद सोडला होता. मामाच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करता करता दुकानच त्यांचं झालं होतं. तात्या समोरून गेले, की डोळ्याला भिंग लावून ते जे खाली वाकत ते तात्या नाक्यापलीकडे जाईपर्यंत वर येत नसत. त्या दिवशीही वाकले. पण तात्या पायरी चढून आत गेले.

“मास्तर, तिळगूळ घ्या.”

भिंग टेबलावर पडलं.

तात्यांना माफी मागायची सवय नव्हती. माल परत घेणाऱ्या दुकानदारासारखं ते अडखळत होते. पण सगळं बोलले. डॉक्टर, अहवाल, गळ्यातली ग्रंथी, थरथरता हात. “तुमची काही चूक नव्हती. पेटी फुकट गेली तुमची. द्वारकेच्या मनात तुमच्याविषयी काहीसुद्धा नव्हतं. नुसता आजार होता तो.”

मला वाटलं होतं, मास्तर सुटकेचा श्वास टाकतील. त्यांनी तिळगुळाची वडी हातात घेतली आणि बघत राहिले.

“काहीसुद्धा नव्हतं?” ते म्हणाले.

“छे! अजिबात नाही!” तात्या उत्साहाने म्हणाले.

आतल्या पडद्यामागून मास्तरांच्या बायकोचा आवाज आला, “बघा! मी म्हणत नव्हते?”

मास्तरांचा चेहरा मी बघितला. चेहरा वाचण्यावरच माझं पोट. गुडघे दुखणारा, डोक्यावर मोजके केस उरलेला हा माणूस इतकी वर्षं एका गोष्टीवर मान ताठ ठेवून होता: आपल्यासाठी एका मुलीचा हात थरथरला होता. पेटी गेली, गाणं गेलं, पण त्याच्या बदल्यात हे एक त्याच्याजवळ जमा होतं. आणि तात्या तिळगूळ देऊन नेमकं तेच काढून न्यायला निघाले होते.

“मास्तर,” मी म्हटलं, “तात्यांनी अर्धंच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, घराण्यातून नुसता कल येतो. उतारावरची गाडी. आपोआप सुटत नाही ती. सुटायला बाहेरून धक्का लागतो.”

“कसला धक्का?”

“ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मनाचं काहीही असू शकतं, म्हणाले.”

मास्तरांनी वडी तोंडात टाकली, चावली. सावकाश त्यांचा चेहरा पुन्हा जागेवर आला. “म्हणजे कल हेंद्र्यांचा,” ते म्हणाले, “आणि धक्का...”

“छातीठोक कोण सांगणार?” मी म्हटलं.

“नाही, नाही. सांगू नयेच.” त्यांनी पडद्याकडे वळून हाक दिली, “अहो, ऐकलंत का? चहा टाका तिघांचा!”

घरी आल्यावर आत्यांनी मला एकट्याला गाठलं. “काय म्हणाला तो, सदानंदराव?”

मी सगळं सांगितलं. धक्क्यापर्यंत आल्यावर त्या इतक्या हसल्या की शाल खांद्यावरून घसरली. “धक्का? अहो, त्याच्या पेटीचा भाता फाटका होता. रोज तासभर ती गाढवासारखी रेकायची. ताण आलाच असेल तर तो त्या आवाजाचा!”

“मग जाऊन सांगू का त्यांना?”

त्या थांबल्या. शाल सावरली.

“नको,” म्हणाल्या. “राहू दे त्याच्याकडे.”

पुढच्या महिन्यात आत्यांनाही मिरजेला नेलं. त्यांनाही सुलभाचीच गोळी लागू झाली. सुलभाची चाल परत आली आणि मग मला कळलं, की समईच्या उजेडात माझे बरेच दोष झाकले जात होते. उजूने त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी परीक्षा दिली आणि पाटणच्या शाळेत लागली. तिथंच गिरीश तांबट नावाचे गणिताचे मास्तर होते. हे नाव काढायला मला वसुलीला जावं लागलं नाही. तिने ते चहा पिता पिता सगळ्यांसमोर सांगितलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायला तात्याच बसले. माजघर बायकांनी भरलेलं. चुड्याच्या हिरव्या बांगड्या आत्यांनीच निवडल्या होत्या. तात्यांनी उजूचा हात हातात घेतला, अंगठा दुमडला, तिसरी बांगडी सांध्यापर्यंत नेली आणि थांबले.

आधी चढलेल्या बांगड्या किणकिणत होत्या.

त्यांनी घाबरून माझ्याकडे बघितलं. “जावईबापू, हात गरम आहे. गोळ्या चालू आहेत ना?”

“दीड महिन्यापूर्वी थांबवल्या डॉक्टरांनी. आता गरज नाही म्हणाले.”

“आणि तपासणी?”

“परवाच केली. सगळं नॉर्मल.”

“मग हे काय?”

उजूने मान खाली घातली. द्वारकाआत्यांनी भावाच्या खांद्यावरून वाकून त्या थरथरत्या हाताकडे नीट बघितलं.

“भर, दादा, भर,” त्या म्हणाल्या. “या खेपेला खरं आहे.”